मामीच्या माळ्यावरचे वसतिगृह

१९८६ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. बारावीचा निकाल लागला आणि वडिलांनी भांडुपच्या मामांना पोस्टकार्ड टाकले. मजकूर दोनच ओळींचा होता. ‘पोराला पुढे शिकायचे आहे. पाठवतो आहे, जमेल तसे ठेवून घ्या.’ उत्तराची वाट पाहण्याची गरज कोणालाच वाटली नाही. आठ दिवसांनी पहाटे मी एस.टी.तून उतरलो. एका हातात पत्र्याची ट्रंक, दुसऱ्या हातात आईने दिलेली उकड्या तांदळाची पिशवी आणि आमसुलांची पुडी, अशा थाटात टेंभीपाड्यातल्या चाळीत मामांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

खोली दहा बाय बाराची. तीत मामा, मामी, त्यांची तीन मुले आणि गावाकडचे एक काका. काका कारखान्यात रात्रपाळी करीत, म्हणून त्यांची वळकटी दिवसा उलगडे. मी सातवा. मामीने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा ट्रंकेकडे पाहिले आणि म्हणाली, ‘‘जागा काय मुंबईत कुणाला पुरलीय? पाठ टेकायला माळा आहे. वर चढताना डोकं सांभाळ म्हणजे झालं.’’

त्या माळ्यावर मी तीन वर्षे काढली. वर पत्रा, खाली फळ्या, मध्ये उकिडवे बसण्यापुरती उंची. मामांना पहिली पाळी असली की दहाला दिवा बंद. मग पुस्तक घेऊन मी भांडुप स्टेशनात जाई आणि फलाटावरच्या बाकावर, शेवटच्या गाड्यांच्या आवाजात अभ्यास करी. कॉलेज मुलुंडला, म्हणजे एकाच स्टेशनावर, कारण मधले नाहूर स्टेशन तेव्हा झालेले नव्हते. सकाळी निघताना मामी डब्यात चपाती-भाजी देई. महिन्याच्या अखेरीला भाजीची जागा लसणीची चटणी घेई. पण डबा चुकला, असे तीन वर्षांत एकदाही झाले नाही.

कॉलेजच्या फीच्या पावत्या मी बरीच वर्षे जपून ठेवल्या होत्या. आपण किती कमी पैशांत शिकलो, हे मुलांना दाखवायला त्या उपयोगी पडत. एकदा माझ्या मुलीने विचारले, ‘‘बाबा, आणि मामीआजीची पावती कुठंय?’’ मला उत्तर देता आले नाही. राहणे, जेवण, पाणी, वीज आणि आजारपणात उशाशी बसणे यांचा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता. मांडला असता, तर फी ही त्यातली सर्वांत लहान रक्कम निघाली असती.

भांडुपमध्ये असा मी एकटाच नव्हतो. आमच्या चाळीत जवळजवळ प्रत्येक खोलीत एक ‘गावाकडचा’ असे. कोणी रत्नागिरीचा, कोणी साताऱ्याचा, कोणी कोल्हापूरकडचा. लालबहादूर शास्त्री मार्गावर, ज्याला जुनी माणसे आग्रा रोड म्हणतात, तेव्हा कारखान्यांची रांग होती. त्यांत काम करणाऱ्यांच्या घरी शिकायला आलेले भाचे-पुतणे राहत. त्याच्याही आधी गिरणगावात गावकीच्या खोल्या होत्या. एका गावचे वीस-पंचवीस गडी एका खोलीत पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. सांगायचा मुद्दा असा, की मुंबईत बाहेरगावच्या गरीब विद्यार्थ्याची राहण्याची सोय कित्येक वर्षे सरकारने केली नाही, ती मामा-मामींनी केली. अर्थसंकल्पात ज्याची नोंद नाही, असे हे अनुदान होते आणि ते देणाऱ्या बायकांना आपण अनुदान देतो आहोत याची कल्पनाही नव्हती.

वास्तविक विद्यार्थ्याला आधी छप्पर हवे, हे शहाणपण महाराष्ट्राला नवे नाही. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी ते शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी ओळखले होते. खेड्यातला मुलगा शिकत नाही तो बुद्धी नाही म्हणून नव्हे, तर शहरात आल्यावर त्याला राहायला आणि जेवायला जागा नाही म्हणून, हे त्यांनी पाहिले. १९०१ साली मराठा आणि जैन विद्यार्थ्यांची वसतिगृहे निघाली. पुढे मुसलमान, लिंगायत आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांच्या मुलांसाठीही वसतिगृहे झाली. अस्पृश्य मुलांचे मिस क्लार्क वसतिगृह १९०८ सालचे. कोल्हापूरला ‘वसतिगृहांची जननी’ म्हणतात ते उगाच नव्हे. त्यातली व्यवस्था पाहण्यासारखी होती. जागा, इमारत आणि वर्षासने यांना दरबाराचा हात, रोजचा कारभार मात्र त्या त्या समाजाच्या मंडळींकडे.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली वसतिगृह उघडले. तिथे सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. पैशांची ओढाताण इतकी, की कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि सभेने पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह सुरू केले. पुण्यात १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समितीची सुरुवात केली, तीही खेड्यातून आलेल्या मुलांच्या राहण्या-जेवण्याच्या प्रश्नातूनच. या सगळ्यांनी शाळा-कॉलेजइतकेच वसतिगृहाला महत्त्व दिले, ही गोष्ट आपण आज विसरल्यासारखे वागतो.

स्वतंत्र भारताच्या सरकारलाही हे ठाऊक नव्हते असे नाही. त्याचा पुरावा भांडुपच्या अगदी शेजारी आहे. आमच्या टेकडीच्या पलीकडे विहार आणि पवई या दोन तलावांच्या मध्ये १९५८ साली स्थापन झालेली आय.आय.टी. उभी राहिली. देशातल्या हुशार मुलांना शिकवायचे, तर त्यांना तिथेच ठेवून घेतले पाहिजे, हे गृहीत धरून तिथे वर्गांबरोबर वसतिगृहेही बांधली गेली. मुलाने खोली शोधत फिरायचे नाही, अभ्यास करायचा. हे योग्यच झाले. प्रश्न एवढाच, की टेकडीच्या अलीकडे, मुंबई विद्यापीठाच्या साध्या कॉलेजात बी.एस्सी. किंवा बी.कॉम. करणाऱ्या मुलाला हीच गरज नव्हती काय? त्याला झोप लागत नाही की भूक लागत नाही?

हा प्रश्न माझ्या मनात पुन्हा टोचू लागला तो २०२४ च्या पावसाळ्यात. कचेरीतल्या एका सहकाऱ्याचा भाऊ हिंगोलीहून मुलीला घेऊन आला होता. मुलीला उपनगरातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला होता. त्याच वर्षी ८ जुलैला राज्य सरकारने मोठा निर्णय घेतला होता. कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत. ही मुलगी इतर मागास वर्गातली. बापाने गावात पेढे वाटले होते.

भांडुप माझ्या माहितीचे, म्हणून खोली शोधायला मी त्यांच्याबरोबर निघालो. तीन दिवस आम्ही भांडुप, कांजूर आणि नाहूर पालथे घातले. एका सोसायटीत ‘एकट्या मुलींना देत नाही’ असा नियम, दुसरीत आई-वडील सोबत राहणार असतील तरच. पवईच्या बाजूला मुलींसाठी पेइंग गेस्टची सोय भरपूर. पण तिथले दर संगणक कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांच्या पगाराकडे पाहून ठरलेले. शेवटी टेकडीवर एक खोली बरी वाटली, तर दलालाने अनामत रकमेचा आकडा सांगितला. बाप बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘साहेब, फी माफ झाली म्हणून पेढे वाटले. आता डिपॉझिटसाठी सोयाबीन भाव यायच्या आधीच विकावं लागंल.’’

त्याची आणखी एक धास्ती होती, ती त्याने मुलगी जवळ नसताना बोलून दाखवली. २०२३ च्या जूनमध्ये दक्षिण मुंबईतल्या मुलींच्या एका शासकीय वसतिगृहात एका विद्यार्थिनीची हत्या झाली होती. ती बातमी हिंगोलीतही पोचली होती. मुलीच्या बापाला नुसते छप्पर नको असते, त्याला रात्री झोप लागेल असे छप्पर हवे असते.

सरकार काहीच करीत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. सामाजिक न्याय विभागाची राज्यात चारशेहून अधिक वसतिगृहे आहेत. तिथे जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी त्याच धर्तीवर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची निर्वाह भत्ता योजना आहे. आणि २०२३ च्या डिसेंबरपासून इतर मागास, भटक्या-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली. नावे मोठी आहेत, हेतूही चांगला आहे. आता जरा आकडे पाहू.

स्वाधार योजनेत मुंबई, पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले. त्यांतले ३२,००० भोजनाचे, २०,००० निवासाचे आणि ८,००० निर्वाहाचे. निवासाचे वीस हजार दहा महिन्यांत वाटले, तर महिन्याला २,००० रुपये पडतात. वाचकांपैकी कोणी भांडुप, मुलुंड किंवा घाटकोपरला राहत असेल, तर त्याने आपल्या गल्लीतल्या दलालाला विचारून पाहावे, की दोन हजारांत काय मिळते. उत्तर ऐकायला फार वेळ लागणार नाही. आणि गंमत पाहा. २०१६-१७ साली ठरलेला हा आकडा २०२३ साली आधार योजना आखताना जसाच्या तसा उचलला गेला. मुंबईला तेच ६०,०००, निवासाला तेच २०,०००. मधल्या सात वर्षांत शहरातले भाडे जणू जागचे हललेच नव्हते! शिवाय ही योजना प्रत्येक जिल्ह्यात ६०० विद्यार्थ्यांपुरती.

दुसरी अडचण वेळेची. खोलीवाला अनामत रक्कम आणि पहिले भाडे जुलै-ऑगस्टमध्ये मागतो. सरकारची मदत अर्ज, छाननी, यादी आणि हजेरी असे टप्पे ओलांडून येते, आणि ती उशिरा येते ही तक्रार दरवर्षी ऐकू येते. ज्याच्याकडे आधी पैसे आहेत, त्यालाच या मदतीची वाट पाहता येते. नसलेल्याने काय करायचे? एक तर सावकार गाठायचा, नाही तर मिळालेला प्रवेश सोडायचा.

मुले याविषयी गप्प बसलेली नाहीत. २०१८ च्या फेब्रुवारीत देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांनी संप केला, तो मागास प्रवर्गांतल्या मुलांची वसतिगृह आणि भोजन शुल्काची सवलत काढून घेतली म्हणून. त्याच वर्षीच्या जुलैत आदिवासी वसतिगृहांतली मुले पुण्याहून नाशिककडे पायी निघाली. ‘जेवणाचे पैसे खात्यात नकोत, आमची खानावळ चालू ठेवा’ ही त्यांची मागणी होती. हातात पैसे मिळणे आणि ताटात जेवण पडणे यांतला फरक त्या मुलांना आपल्यापेक्षा चांगला समजला होता. निवासाचेही तसेच आहे. शहरात खाटांची संख्या वाढली नाही आणि नुसते भाड्याचे पैसे वाटले, तर त्याच खाटांसाठी अधिक जण अधिक पैसे घेऊन उभे राहतात. पैसा शेवटी जातो खोलीवाल्याकडे.

मध्यंतरी तर या भाड्यावर करही लागू पाहत होता. २०२३ साली बंगळूर आणि लखनौच्या प्रकरणांत, खाजगी वसतिगृहांच्या भाड्यावर १२ टक्के जी.एस.टी. लागतो, असे निर्णय झाले. अखेर २०२४ च्या जूनमध्ये जी.एस.टी. परिषदेने, माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतचे भाडे असेल आणि सलग ९० दिवस राहणे असेल, तर कर नाही, असे ठरवले. चांगले झाले. पण विद्यार्थ्याची खाट हा चैनीचा विषय आहे की गरजेचा, हे आपल्याला इतक्या उशिरा ठरवावे लागले, याचेच आश्चर्य वाटते.

जर्मनीत गरजू विद्यार्थ्यांना सरकार जी मदत देते, तिच्यात घरभाड्याचा भाग वेगळा असतो. २०२४ च्या हिवाळी सत्रापासून तो महिन्याला ३६० युरोंवरून ३८० युरो झाला. आई-वडिलांकडे राहणाऱ्याला मात्र ५९ युरोच. तिथलीही मुले म्हणतात, की एवढ्याने मोठ्या शहरात भागत नाही. तो देश श्रीमंत आहे, त्याची बरोबरी आपण करावी असे कोणी म्हणणार नाही. पण घरून शिकणारा आणि घर सोडून शिकणारा यांचा खर्च वेगळा असतो आणि भाड्याचा आकडा अधूनमधून बदलावा लागतो, एवढे मान्य करायला श्रीमंती लागत नाही.

यावर काही वाचक म्हणतील, ‘आम्ही नाही का शिकलो रस्त्यावरच्या दिव्याखाली? सरकारने कुठवर पुरे पडायचे?’ कालपरवापर्यंत मीही असेच म्हणत होतो. माझे डोळे उघडले ते माझ्याच घरात.

हिंगोलीच्या त्या मुलीला खोली मिळेना, तेव्हा माझी पत्नी म्हणाली, ‘‘महिनाभर राहू दे इथंच.’’ मुलगी गुणी होती. पहाटे उठून आवरायची, कोणाला तिचा त्रास म्हणून नव्हता. तरी महिनाभरातच आम्ही अवघडून गेलो. मुलगी माझी घरून काम करणारी, आईच्या औषधांच्या वेळा, हॉलमध्ये रात्री अंथरूण घातले की कोणाला पाणी प्यायलाही उठता येईना. तिलाही ते कळत होते. दीड महिन्याने ती चार मुलींबरोबर कांजूरच्या एका खोलीत राहायला गेली आणि मला, खरे सांगतो, सुटल्यासारखे वाटले. माझे घर मामीच्या खोलीपेक्षा मोठे, मिळकत मामांपेक्षा जास्त. पण मामीने मला तीन वर्षे ठेवले आणि मला दीड महिना जड गेला.

ही केवळ माझ्या मनाची तोकडी बाजू, असे म्हणून सुटता येईल. परंतु गोष्ट तेवढीच नाही. त्या चाळी गेल्या. झोपडपट्टी पुनर्वसनात मिळालेली घरे आधी २२५, मग २६९ आणि अलीकडे ३०० चौरस फुटांची. त्यांत नळ घरात आला, संडास घरात आला, लिफ्ट आली. फक्त माळा गेला. आग्रा रोडवरच्या कारखान्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. मामी दिवसभर घरी असे, आजच्या घरातली बाई सकाळी आठची लोकल पकडते. जुनी सोय माणसांच्या चांगुलपणावर जितकी उभी होती, तितकीच त्या चाळीच्या रचनेवर आणि मामीच्या फुकट कष्टांवरही. ती सोय आता परत येणार नाही, आणि मामीच्या पाठीकडे पाहिले तर येऊही नये.

‘सगळ्यांनी मुंबईलाच का यावे?’ हा दुसरा प्रश्न. जिल्ह्याजिल्ह्यांत चांगली कॉलेजे व्हावीत, यात दुमत नाही. पण सगळेच अभ्यासक्रम सगळीकडे निघत नसतात, आणि भांडुपची मुलेही शिकायला पुण्याला, नागपूरला जातातच. शिक्षणासाठी गाव सोडणे हा काही अपराध नव्हे.

मग करायचे काय? फार मोठे काही नाही. निवासाची रक्कम भोजनापासून वेगळी काढून, त्या त्या शहरातले भाडे पाहून तिचा दर दोन-तीन वर्षांनी फेरविचार करावा. तिचा पहिला हप्ता प्रवेश पक्का होताच हातात पडावा, म्हणजे अनामत रकमेसाठी सोयाबीन विकावे लागणार नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, खाटा वाढवाव्यात. २०२४ साली मुलुंड, भांडुप आणि कांजूरची सुमारे २५६ एकर मिठागरे धारावीच्या पुनर्वसनातल्या भाड्याच्या घरांसाठी देण्याचे ठरले आणि त्यावरून वाद पेटला. मिठागरांवर बांधावे की नाही, हा वेगळा विषय. विद्यार्थ्यांसाठी तिकडे जाण्याची गरजही नाही. उपनगरांत सरकारी यंत्रणांच्या हाती पुनर्विकासातून इमारती येत असतात. त्यांतले दोन-तीन मजले, स्टेशनाजवळ, पक्क्या पहाऱ्यासह विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवता येतील. चालवायला चांगल्या संस्था द्याव्यात. जागा आणि दरसालचे अनुदान सरकारने द्यावे. शाहू महाराजांची तीच तर रीत होती.

परवा मामीकडे गेलो होतो. ती आता ऐंशीच्या घरात आहे. चाळीच्या जागी झालेल्या इमारतीत सहाव्या मजल्यावर राहते, खिडकीतून टेकडी दिसते. तिला मी हिंगोलीच्या मुलीची सगळी हकिकत सांगितली. सरकारने मुलींची फी माफ केली, हे ऐकून तिला मनापासून आनंद झाला. ‘‘आमच्या वेळी कुणी केली नाय,’’ म्हणाली. मग थोडा वेळ थांबून तिने विचारले, ‘‘आणि पोरगी निजते कुठं?’’

मी म्हटले, ‘‘कांजूरला. एका खोलीत पाच जणी.’’

‘‘अभ्यास कुठं करते?’’

ते मी त्या मुलीला विचारलेच नव्हते.